निकुंभ घराणे

खानदेशातील एक मध्ययुगीन मांडलिक राजघराणे. जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण (आजचे पाटणादेवी) ही त्याची राजधानी. इ. स. सु. १००० पासून तेराव्या शतकाच्या पहिल्या चरणापर्यंत या घराण्याची सत्ता चालू होती. त्यातील आठ पिढ्यांच्या नऊ पुरुषांची आणि एका राणीची नावे शिलालेखांतून ज्ञात झाली आहेत. निकुंभांनी मोठी साम्राज्ये स्थापिली नाहीत आणि मोठ्या लढायांच्या इतिहासातही त्यांची नावे ठळकपणे येत नाहीत. इतिहासात त्यांचे नाव राहिले, ते मुख्यतः सोइदेव या निकुंभ राजाच्या कारकीर्दीत भास्कराचार्याच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी पाटण येथे स्थापन झालेल्या मठाला दिलेल्या दानामुळे. हे दान एकट्या राजाचे नव्हते. राजाबरोबर गावातील ब्राह्मणांनी व नगरानेही आपापल्या उत्पन्नाचा वाटा मठाला दिला आणि त्याची नोंद त्या काळच्या मराठी भाषेत दगडावर कोरली गेली. मध्ययुगीन सामंताचे राज्य, त्याचे कुटुंब आणि त्याची बाजारपेठ यांचा परस्परसंबंध समजण्यास हा लेख फार उपयोगी पडतो.

स्थान व परिसर : पाटण हे चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सु. १८ किमी. वर सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. डोंगरी नदी येथूनच उत्तरेकडे वाहत जाते. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि उत्तरेकडे मोकळे मैदान, अशी या जागेची रचना आहे. मागचा डोंगर चढून गेले की दक्षिणेचे पठार लागते, तर पुढे उतरत गेले की गिरणेचे खोरे लागते. आजचे चाळीसगाव, भडगाव व पाचोरा हे तालुके याच खोऱ्यात येतात. खोऱ्यातील धान्य, तेलबिया व कापूस आणि पठारावरील माल यांची गाठ पडावी अशी ही जागा आहे.

ही वाट फार जुनी आहे. पाटणजवळच्या पितळखोरे येथील बौद्ध लेणी इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतील असून तेथील कोरीव लेखांत प्रतिष्ठान (पैठण) येथील मितदेव या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळाने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. पैठणचा व्यापारी या डोंगरात दान देतो, यावरून खानदेश व गोदावरीचे खोरे यांमधील दळणवळण निकुंभांच्या आधी हजार वर्षे तरी चालू होते, हे स्पष्ट होते. पाटणच्या आसपास नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी व शृंगार चावडी ही लेणी असून वरच्या बाजूस कण्हेरगड हा किल्ला आहे. मध्ययुगीन सामंताला राजधानीसाठी जे हवे असते, ते सर्व येथे होते : पाठीशी डोंगराचा आसरा, समोर पिकाऊ मुलूख आणि दारावरून जाणारा व्यापारी मार्ग.

साधने : निकुंभांची माहिती प्रामुख्याने पाटण येथील दोन शिलालेखांवर अवलंबून आहे. पहिला शके १०७५, श्रीमुख संवत्सराचा, म्हणजे इ. स. ११५३ चा असून तो महेश्वराच्या मंदिराशी संबंधित आहे. दुसरा भवानीच्या मंदिरातील असून तो चांगदेव या ज्योतिष्याने स्थापिलेल्या मठासंबंधीचा आहे. हा दुसरा लेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणून दिला. भास्कराचार्यादी ज्योतिष्यांच्या काळासंबंधीच्या त्यांच्या निबंधात या लेखाचा उपयोग केलेला आहे. पुढे फ्रांट्‌स कीलहोर्न या जर्मन पंडिताने तो एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात संपादून प्रसिद्ध केला. त्यातील मराठी भागाचा परामर्श शं. गो. तुळपुळे यांनी प्राचीन मराठी कोरीव लेख (१९६३) या ग्रंथात घेतला आहे.

या दोन्ही लेखांतील संस्कृत भाग प्रशस्तीच्या स्वरूपाचा आहे. प्रशस्तीत राजा शूर असतो, दाता असतो आणि त्याचे शत्रू नेहमी पराभूत झालेले असतात. अशा वर्णनांवरून व्यक्तीचे चरित्र उभे करता येत नाही. त्यांतील नातेसंबंध, तिथी, अधिकाराची मर्यादा आणि दानाचा तपशील एवढ्याच गोष्टी इतिहासाला उपयोगी पडतात. निकुंभांच्या बाबतीत हा तपशील सुदैवाने भरपूर आहे.

वंशावळ : निकुंभ आपणास सूर्यवंशी म्हणवीत. पुराणांतील इक्ष्वाकू वंशाच्या याद्यांत निकुंभ नावाचा राजा येतो आणि मांधाता हा त्याच्याच कुळात पुढे झाला असे मानतात. त्याच्यावरून या घराण्याने आपले नाव घेतले. अकराव्या-बाराव्या शतकांत दख्खनमधील बहुतेक सामंत घराणी अशा प्रकारे पौराणिक पुरुषांशी नाते सांगत. यादव स्वतःला यदुवंशीय म्हणवीत. चाळीसगाव व पाचोरा यांच्या दरम्यानच्या वाघळी येथे शके ९९१ (इ. स. १०६९) चा लेख सापडला असून त्यातील गोविंदराज हा सामंत मौर्य कुळातील होता. अशा वंशकथांचे ऐतिहासिक मूल्य थोडे असले, तरी राजकीय मूल्य मोठे होते. ज्याच्या हाती मूळची सार्वभौम सत्ता नाही, त्याला आपला अधिकार जुन्या कुळाच्या आधारे सिद्ध करावा लागे.

हे केवळ भारतातच घडत होते असे नाही. याच सुमारास जर्मनीतही सरदार घराणी आपापल्या वंशाचे वृत्तांत लिहवून घेत होती. दक्षिण जर्मनीतील वेल्फ घराण्याचा असा वृत्तांत इ. स. सु. ११७० मध्ये तयार झाला. तेथील अनेक सरदारांची माहिती त्यांनी मठांना दिलेल्या दानपत्रांमुळेच टिकून राहिली आहे. कोणत्या मठाला, कोणत्या तिथीला, कोणाच्या पुण्यासाठी काय दिले, हे लिहिताना दात्याचे आईवडील, पत्नी व मुले यांचीही नोंद होत गेली. दानामुळे कुटुंबाचा इतिहास राहावा, हा प्रकार मध्ययुगीन जगात सर्वत्र आढळतो.

निकुंभ घराण्याचा पहिला ज्ञात पुरुष कृष्णराज (पहिला) हा इ. स. सु. १००० मध्ये होऊन गेला. त्याच्यानंतर अनुक्रमे गोवन (पहिला), गोविंदराज, गोवन (दुसरा), कृष्णराज (दुसरा) व इंद्रराज यांची नावे येतात. इंद्रराजाची पत्नी श्रीदेवी ही सगराच्या कुळातील होती. त्यांचा मुलगा गोवन (तिसरा). गोवनाचे दोन मुलगे सोइदेव व हेमाडिदेव हे अनुक्रमे गादीवर आले. गोवन व कृष्णराज ही नावे पुन्हा पुन्हा येतात, यावरून पूर्वजांचे नाव वंशजाला ठेवण्याची रीत या घराण्यातही होती असे दिसते. या घराण्याच्या ताब्यात सोळाशे गावे असल्याचे लेखांत म्हटले आहे. असे आकडे त्या काळी प्रदेशाच्या नावाला जोडण्याचा प्रघात होता. ते गावांची प्रत्यक्ष गणना दाखवीत नसले, तरी निकुंभांचा अधिकार एखाद्या परगण्यापुरता नसून खानदेशाच्या बऱ्याच मोठ्या भागावर होता एवढे त्यांवरून निश्चित होते.

श्रीदेवीची कारकीर्द : इंद्रराजाने पाटण येथे शिवमंदिर बांधण्यास प्रारंभ केला. परंतु ते पुरे होण्यापूर्वीच तो मरण पावला आणि मुलगा गोवन हा अद्याप अल्पवयी होता. अशा वेळी सामंत घराण्यापुढे दुहेरी संकट उभे राहते. घरातील भाऊबंद वारसावर हक्क सांगतात आणि वरचा सम्राट अल्पवयी मुलाचा मुलूख दुसऱ्या विश्वासू सरदाराला देऊन टाकतो. श्रीदेवीने मुलाच्या नावाने राज्यकारभार हाती घेतला आणि पतीने सुरू केलेले मंदिर पुरे करून इ. स. ११५३ मध्ये त्याची प्रतिष्ठा केली.

हे मंदिर पुरे करण्यात पत्नीधर्म होता, तसाच राजकीय हेतूही होता. मंदिराच्या लेखात कृष्णराजापासून गोवनापर्यंतची सबंध वंशावळ कोरली आहे. गावात येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, देवाच्या साक्षीने, अल्पवयी गोवन हाच या गादीचा रास्त वारस होय, असे श्रीदेवीने या लेखाद्वारे जाहीर केले. सात पिढ्यांची नावे दगडावर नोंदवून तिने मुलाचा हक्क पक्का केला. पुढे हाच गोवन राज्यावर बसला आणि त्याच्यामागून त्याचे दोन्ही मुलगे गादीवर आले, यावरून तिचा हेतू सफल झाला असेच म्हणावे लागते.

पाटणचे महेश्वर मंदिर लोकांत हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. येथे दोन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. हेमाडपंत किंवा हेमाद्री हा यादव राजे महादेव व रामचंद्र यांच्या काळातील अधिकारी असून तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. पाटणचे मंदिर त्याच्या शंभर वर्षे आधीचे आहे. तेव्हा हेमाडपंती हे केवळ चुन्याविना दगडावर दगड बसवून केलेल्या बांधणीच्या शैलीचे नाव समजावे. तसेच निकुंभ घराण्यातील हेमाडिदेव याचाही हेमाद्रीशी काही संबंध नाही.

सम्राट व सामंत : निकुंभ हे सार्वभौम राजे नव्हते. वरच्या सत्तेचे प्रभुत्व मान्य करणे, ठरलेला कर भरणे आणि युद्धप्रसंगी सैन्यासह हजर होणे या सामंताच्या मुख्य जबाबदाऱ्या. त्या पार पाडल्या की आपल्या मुलखातील महसूल, न्याय व दाने यांत त्याला पुष्कळ मोकळीक असे. या व्यवस्थेत सम्राट बदलला, तरी सामंत टिकू शके. मात्र त्यासाठी त्याला योग्य वेळी योग्य बाजू घ्यावी लागे.

गोवनाचे बालपण ते सोइदेवाची कारकीर्द या सु. पन्नास वर्षांत दख्खनचे राजकारण पार पालटून गेले. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता दुबळी झाली. त्यांचा सामंत कलचुरी बिज्जल याने सिंहासन बळकावले. नंतर चालुक्य काही काळ परत आले. अखेर सेउणदेशाचे यादव, जे स्वतःही चालुक्यांचे मांडलिक होते, ते भिल्लम (पाचवा) याच्या काळात इ. स. ११८७ च्या सुमारास स्वतंत्र झाले. त्यांनी देवगिरी ही राजधानी केली. पाटण आणि देवगिरी यांमध्ये केवळ एक डोंगररांग आणि थोडे पठार आहे. एवढ्या जवळ उदयाला आलेल्या सत्तेकडे निकुंभांना पाठ फिरविता येणे शक्य नव्हते. सोइदेवाच्या काळी निकुंभ हे यादवांचे मांडलिक होते आणि चांगदेवाच्या लेखातही आधी भिल्लम, जैत्रपाल व सिंघण या यादव राजांचे वर्णन येऊन मग निकुंभांची वंशावळ येते. दगडावरील नावांचा हा क्रम म्हणजे अधिकाराचा क्रमच होय.

भास्कराचार्याचे कुळ : चांगदेवाच्या लेखात यादव व निकुंभ यांच्या बरोबरीने तिसरी एक वंशावळ दिली आहे, ती शांडिल्य गोत्री पंडितांच्या घराण्याची. तिचा क्रम असा : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर व चांगदेव. यांपैकी भास्करभट्टाला माळव्याच्या भोज राजाने विद्यापती ही पदवी दिली होती. महेश्वराचा मुलगा भास्कर म्हणजेच सिद्धांतशिरोमणीचा कर्ता भास्कराचार्य (दुसरा). त्याचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्याने हा ग्रंथ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोल हे त्याचे चार भाग. करणकुतूहल हा त्याचा दुसरा ग्रंथ इ. स. ११८३ चा आहे. श्रीदेवीने मंदिराची प्रतिष्ठा केली ती सिद्धांतशिरोमणी पूर्ण झाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी.

भास्कराचार्याने आपले गाव सह्याद्रीलगतचे विज्जडविड असे सांगितले आहे. त्याच्या स्थाननिश्चितीबद्दल विद्वानांत मतभेद असून कोणी ते कर्नाटकात, तर कोणी पाटणच्या परिसरात मानतात. मात्र त्याचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने पाटण नगरातून आपल्याकडे नेऊन पंडितांचा प्रमुख केले, असे चांगदेवाचा लेख स्पष्ट सांगतो. म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीस हे कुळ पाटणला राहत होते, हे निश्चित आहे. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी झाला. खानदेशातच तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव या गावाशी व मुक्ताबाईच्या आख्यायिकांशी ज्याचे नाव निगडित आहे, तो योगी चांगदेव या ज्योतिष्याहून वेगळा व नंतरच्या काळातील होय.

या कुळाच्या दुसऱ्या शाखेचाही पुरावा जवळच मिळतो. चाळीसगाव तालुक्यातच गिरणाकाठी असलेल्या बहाळ येथे शके ११४४ (इ. स. १२२२) चा लेख आहे. भास्कराचार्याचा भाऊ श्रीपती, त्याचा मुलगा गणपती आणि त्याचा मुलगा अनंतदेव अशी वंशावळ त्यात दिली असून अनंतदेवाने तेथे देवीचे मंदिर बांधल्याचे म्हटले आहे. अनंतदेवही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. लेखाची रचना त्याचा धाकटा भाऊ महेश्वर याने केली आहे. एकाच कुळातील दोन शाखा काही मैलांच्या अंतरावर नांदत होत्या आणि दोन्हींचा संबंध यादव दरबाराशी होता, हे यावरून ध्यानात येते.

मठाला दिलेले दान : आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत यासाठी चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापन केला. सिद्धांतशिरोमणी आणि भास्कराचार्याच्या कुळातील इतरांचे ग्रंथ तेथे नियमाने शिकविले जावेत, अशी त्याची इच्छा होती. हस्तलिखितांच्या काळात ग्रंथ लिहून ठेवला म्हणजे तो टिकला, असे होत नसे. सिद्धांतशिरोमणीसारखा ग्रंथ श्लोकबद्ध असून उपपत्ती समजावून देणारा गुरू नसेल, तर केवळ पाठांतराने तो उलगडत नाही. म्हणून गुरू, शिष्य व त्यांच्या चरितार्थाची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र आणणारी संस्था आवश्यक होती. सम्राटाच्या दरबारातील मानाच्या जागेवरून ही गरज चांगदेवाला कळली आणि ती पुरी करण्याचे साधन पाटणच्या सामंताच्या हाती होते.

सोइदेवाने मठाला दान दिले ते श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर. लेखात शके ११२८ व प्रभव संवत्सर असा उल्लेख आहे. नुसत्या शकाच्या आकड्यावरून काही ग्रंथांत इ. स. १२०६ हे वर्ष दिले जाते. परंतु प्रभव संवत्सर व ग्रहण यांचा मेळ ९ ऑगस्ट १२०७ या दिवसाशी बसतो आणि तीच तारीख ग्राह्य धरली जाते. ग्रहणकाळी दिलेले दान विशेष पुण्यकारक अशी समजूत होती. ग्रहणाचे गणित शिकविणाऱ्या संस्थेला ग्रहणाच्याच दिवशी दान मिळावे, यात औचित्यही आहे. सोइदेवानंतर त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव गादीवर आला, तेव्हाही मठाला राजाश्रय मिळत राहिला.

संस्कृत श्लोक संपल्यावर लेखाची भाषा बदलते आणि मराठी गद्य सुरू होते. या बदलाला कारण आहे. प्रशस्ती पंडितांसाठी व देवासाठी असते, पण कराचा दर व्यापारी, तेली व मापाडी यांना कळावा लागतो. म्हणून दानाचा प्रत्यक्ष भाग लोकभाषेत लिहिला गेला. ज्ञानेश्वरीच्या (इ. स. १२९०) आधी सु. ऐंशी वर्षे मराठी ही बाजाराच्या व कारभाराच्या व्यवहारात रुळली होती, याचा हा महत्त्वाचा पुरावा होय. राउळ (राजकुल), मढ (मठ), केणे (विकाऊ माल), घाणा, पळी व माप असे शब्द त्यात येतात आणि त्यांतील कित्येक शब्द खानदेशात व अन्यत्र आजही चालू आहेत.

या नोंदीप्रमाणे पाटणच्या पेठेत विक्रीस येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राउळाला मिळणारा भाग मठाला देण्यात आला. विक्रेत्यांकडून ब्राह्मणांना मिळणारे ब्रह्मोत्तर ब्राह्मणांनी मठाला दिले. गिऱ्हाइकाकडून दामाचा विसावा भाग नगराने दिला. व्यापाऱ्यांच्या बैलांवरही आकारणी ठरविण्यात आली. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या घ्याव्यात, गावात जितके घाणे चालतील तितक्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असेही ठरले. जे काही मापावयाचे, ते मठाच्या मापाने मापावे आणि मापाईचा अर्धा भाग मठाला व अर्धा मापाड्याला मिळावा, ही व्यवस्थाही त्यातच आहे. यांखेरीज जमिनीचाही उल्लेख येतो.

या तपशिलाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. सामंताने एखादे गाव दान दिले असते, तर मठाचे उत्पन्न त्या एका गावच्या पिकापाण्यावर अवलंबून राहिले असते. येथे मात्र मठाचा निर्वाह बाजाराशी जोडला गेला. जोवर पाटणच्या पेठेत माल येईल, घाणे फिरतील आणि धान्य मापले जाईल, तोवर मठातील दिव्याला तेल व शिष्यांना अन्न मिळत राहील, अशी ही योजना होती. प्रत्येकाकडून घ्यावयाचा भाग अगदी थोडा आहे. तेल्याला पळीभर तेल किंवा गिऱ्हाइकाला पाच सुपाऱ्या जड जाणार नाहीत. मापाड्याचे उत्पन्न तर पूर्णपणे काढून न घेता त्यात मठाला निम्मे भागीदार केले आहे. अशा रीतीने देणाऱ्याच्या उपजीविकेला धक्का न लावता संस्थेचे उत्पन्न बांधून देण्यात आले.

मठाचे माप हेच गावचे प्रमाणभूत माप ठरले, ही बाबही दुर्लक्षिण्यासारखी नाही. बाजारात खरे माप कोणाच्या हाती असावे, हा प्रत्येक पेठेपुढचा प्रश्न असतो. ते गणित शिकविणाऱ्या मठाकडे सोपविल्याने मठाला उत्पन्न मिळाले आणि पेठेला सर्वमान्य माप मिळाले. भास्कराचार्याच्या लीलावतीचा आरंभही नाणी, वजने, मापे व लांबी यांच्या परिभाषेपासून होतो. त्या ग्रंथाचे पठण होत असलेल्या मठाचे माप शेजारच्या पेठेत प्रत्यक्ष वापरात होते.

दात्यांत राजा, ब्राह्मण आणि नगर असे तीन पक्ष वेगवेगळे नोंदले आहेत, हे सर्वांत महत्त्वाचे. बाराव्या-तेराव्या शतकांतील नगराला स्वतःची अशी सामूहिक ओळख होती आणि ते आपल्या वतीने कर देण्याचे ठरवू शकत होते, हे त्यातून दिसते. सोइदेवाने आज्ञा करून हे उत्पन्न परस्पर मठाकडे वळविले असते, तर ब्राह्मणांचे व नगराचे नाव वेगळे लिहिण्याचे कारण नव्हते. सामंताचे मोठेपण येथे एकट्याने देण्यात नसून गावाला बरोबर घेण्यात आहे.

अस्त व अवशेष : हेमाडिदेवानंतर निकुंभांची परंपरा पुढे आढळत नाही. यादवांच्या कारभारात सामंतांऐवजी नेमलेल्या अधिकाऱ्यांचे महत्त्व वाढत गेले. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर हा अशा वर्गाचे ठळक उदाहरण होय. पुढे इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जीने देवगिरीवर स्वारी केली आणि इ. स. १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपुष्टात आले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशात फारूकी घराण्याची सत्ता स्थापन झाली. तिची केंद्रे तापीच्या परिसरात थाळनेर, असीरगड व बऱ्हाणपूर अशी राहिली. राजकीय व व्यापारी महत्त्व तिकडे सरकल्यावर डोंगरपायथ्याचे पाटण मागे पडले. ज्या पेठेच्या उत्पन्नावर मठ उभा होता, ती पेठ ओस पडताच मठाचा आधारही नाहीसा झाला.

भास्कराचार्याचे ग्रंथ मात्र टिकले. त्यांवर भारताच्या निरनिराळ्या भागांत टीका लिहिल्या गेल्या आणि इ. स. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजीने लीलावतीचे फार्सी भाषांतर केले. पाटणच्या मठाने या परंपरेत नेमका किती वाटा उचलला हे सांगण्यापेक्षा, ग्रंथ टिकावयाचा तर त्याच्या अध्यापनाची कायम सोय हवी ही जाणीव एका लहानशा राजधानीत तेराव्या शतकाच्या प्रारंभी होती, हे अधिक मोलाचे आहे.

आज पाटणचा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्याला लागून आहे. चंडिकादेवीचे मंदिर हे परिसरातील लोकांचे श्रद्धास्थान असून नवरात्रात तेथे भाविकांची गर्दी होते. महेश्वराचे मंदिर श्रीदेवीच्या निर्धाराची साक्ष देत अजून उभे आहे. सोइदेवाचा वाडा, पेठ, घाणे व मठ यांपैकी काहीही उरलेले नाही. त्यांची आठवण पळीभर तेलाच्या व पाच सुपाऱ्यांच्या त्या मराठी नोंदीत राहिली आहे.